कातळखिंडीची उजवी वाट

कातळखिंड ओलांडून घाट उतरू लागले की वाटसरू आपसूक डावी बाजू सोडून उजवीकडे होतात. इतरत्र सगळे डावीकडून चालत असताना इथेच असे का, हे कुणी पाहुण्याने विचारले की खिंडीतले म्हातारे बाळा झोरे गोजरा नावाच्या बाईची हकिकत सांगतात.

पूर्वी म्हणे खिंडीच्या वरचे राज्य वेगळे, खालचे वेगळे. वर घोडेस्वारांचा मुलूख. तलवारीचा हात समोरच्याकडे राहावा म्हणून सगळे डावीकडून जात. खाली बैलांवर मीठ लादून नेणारे. ते बैलाच्या डाव्या अंगाने चालत, आणि गोणीला गोणी घासू नये म्हणून नजर ठेवायला रस्त्याची उजवी बाजू धरत. आपापल्या मुलखात दोन्ही रिती नांदल्या. घाटात मात्र उतरणाऱ्याची डावी आणि चढणाऱ्याची उजवी एकच, डोंगराकडची. पलीकडे खोल दरी. माघार कुणी घेईना. अशाच एका भांडणात वरच्या तांड्याचा नाईक भिका दरीत गेला.

त्याच्या बहिणीने, गोजरेने, तांडा हाती घेतला. सुगीनंतर ज्वारी लादून ती घाट उतरत होती, तो समोरून धावजी नाईकाचा तांडा मीठ घेऊन चढत आला. भिकाचे भांडण याच तांड्याशी झाले होते. गोजरेच्या माणसांनी काठ्या सावरल्या.

"चढणारा बैल थांबला की मागे घसरतो," ती म्हणाली. "डोंगर त्यांना द्या."

"आक्का, भाऊ विसरलात काय?" एकाने विचारले.

"विसरले नाही, म्हणूनच सांगते. आणखी कुणाच्या बहिणीवर तांडा हाकायची वेळ नको."

तिने पहिल्या बैलाची वेसण धरली आणि स्वतः दरीच्या कडेने चालू लागली. पायाखालची माती सुटत होती. भाऊ गेला त्या वळणावरही तिचे पाऊल थांबले नाही. तिथेच बैलाचा मागचा पाय घसरला. तिने दोर कापून गोण्या दरीत जाऊ दिल्या आणि ती वेसण ओढून धरून राहिली. डोंगराला पाठ लावून पाहणाऱ्या धावजीने काठी टाकली, बैलाची शिंगे धरली. दोघांनी मिळून बैल वर घेतला. 

मग खिंडीच्या कातळावर हात ठेवून दोन्ही तांड्यांनी शपथ घेतली. आपल्या मुलखात ज्याची त्याची रीत. घाटात डोंगर चढणाऱ्याचा.

आजही उतरणारा माणूस दरीच्या अंगाला उभा राहून वाट देतो. गाव कुठले, हे तो नंतर विचारतो.