डब्यातल्या बिया

"यातली एकही बुडणार नाही का, बाबा?"

केवलने विचारले खरे, पण उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर तरंगत होते. सुमेरबाबा डब्यातली एकेक बी उचलून घंगाळातल्या पाण्यात टाकत होते, आणि बी टुणकन वर येत होती.

"सकस बी बुडते. वाळलेली तरंगते," बाबा म्हणाले. "डबा कुठे ठेवला होतास?"

"चुलीवरच्या फळीवर."

"आणि मी काय सांगितलं होतं?"

"पडली की लगेच मातीत..." केवलने मान खाली घातली. "पण साळिंदर उकरून खाईल, उंदीर पळवतील, अशी भीती वाटली."

"मग आता कोणी खाल्ली?"

केवल घंगाळातल्या तरंगत्या बिया एकेक करून वेचू लागला.

पूर्वेकडच्या डोंगरातल्या सुमेरबाबांच्या मठामागे कटुसाचे एक जुने झाड होते. कटूस म्हणजे ओकच्या कुळातला, बारमाही हिरवा वृक्ष. काटेरी बोंडात तपकिरी बी. झाड आतून पोखरले होते आणि यंदा फळलेही नव्हते. गेल्या वर्षीच्या बिया तेवढ्या केवलच्या स्वाधीन होत्या. डोळे मिटून नुसते पान चाचपले तरी कटूस ओळखणारा हा शिष्य. मोठा हुशार, आणि आपली हुशारी एक दिवसही न विसरणारा.

पण त्याची खरी धास्ती बियांची नव्हतीच.

काल पंगतीत बाबांनी त्याच्याकडे टक लावून पाहिले होते आणि विचारले होते, "तू कोण रे, बाळ?"

सगळे हसले. बाबा थट्टेखोर, हे सगळ्यांना ठाऊक. केवलचा घास मात्र हातातच राहिला. आईबाप लहानपणीच गेलेले. त्याला त्याच्या नावानिशी ओळखणारे, रागावणारे, जेवलास का म्हणून विचारणारे जगात हे एकच माणूस. तेही विसरले तर आपण उरणार कुठे? रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"चल," बाबा काठी टेकत उठले.

जुन्या झाडाला वळसा घालून ते चढावर गेले. तिथे दगडांच्या सांदीत एक वीतभर रोप उभे होते.

"हे काय आहे?"

केवल वाकला. पाने दातेरी होती. जुन्या झाडाची तशी नव्हती. त्याला ओळख पटेना. आज आपल्यालाच काही ओळखता येत नाही की काय? त्याने घाईघाईने पान उलटे केले. खालून तांबूस, तांब्याची पूड चोळल्यासारखे, अगदी जुन्या झाडाच्या पानासारखे.

"कटूस!" त्याच्या जिवात जीव आला. "कोणी लावला?"

"खारीने."

"खारीला जागा बरी सापडली. ऊन आहे, ओल आहे..."

"तिला कुठलं ऊन नि कुठली ओल! तिने बी आपल्या भुकेसाठी पुरली."

"मग खाल्ली का नाही?"

"विसरली."

तो शब्द ऐकला आणि केवलच्या हातून पान सुटले. वारा सुटला होता. खाली जुन्या झाडाचे पोकळ खोड कुरकुरत होते.

"ज्या बीची आठवण राहिली, ती खारीच्या पोटात गेली," बाबा म्हणाले.

"बाबा..."

"बोल."

"काल पंगतीत... ती थट्टाच होती ना?"

बाबा वाकून रोपाच्या बुंध्याशी माती सारू लागले.

केवल खाली बसला. हुशारी कुठल्या कुठे गेली. त्याने दोन्ही हातांनी बाबांचे पाय धरले.

"सगळं विसरा, बाबा. मठ विसरा, मंत्र विसरा. मला विसरू नका. मला फार भीती वाटते..."

बाबा सावकाश त्याच्याजवळ बसले. रोपाशेजारची मूठभर ओली माती त्यांनी उचलली, केवलच्या डोक्यावर ठेवली आणि बी पुरल्यावर दाबतात तशी तळव्याने हलकेच दाबली. मातीचे कण त्याच्या कपाळावरून, डोळ्यांतल्या पाण्यातून खाली ओघळले. त्याने मान वर केली. बाबा हसत होते. हसू ओळखीचे होते की अनोळखी, ते काही केल्या त्याला कळेना.

"बाबा, मी..."

"थांब, सांगू नकोस," बाबांनी त्याच्या ओठांवर बोट ठेवले. मग खूप वेळ त्याच्याकडे पाहत राहून मायेने विचारले,

"तू कोण रे, बाळ?"