कोणता कूलर?

वऱ्हाडातल्या एका गावात तिघांचा मिळून एक कॉम्प्युटर होता. स्क्रीन शिवानीच्या मामांकडून आलेली, डबा धम्मदीपच्या भावाचा जुना, आणि डब्याच्या पोटातले सुटे भाग प्रणयनं कुठून कुठून जमवून जोडलेले. म्हणून ते दोघं प्रणयला 'इंजिनिअर' म्हणायचे. प्रणय शिकत होता वाणिज्य शाखेत. पण हे नाव त्याला इतकं गोड लागायचं, की कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर तो जरा उशिरानंच वळून बघायचा.

तिघांची रीत अशी, की कॉम्प्युटर पाळीपाळीनं एकेक महिना एकेकाच्या घरी राहायचा. ज्याच्या घरी असेल त्यानं तो सांभाळायचा, पण दुसऱ्या दोघांना विचारल्याशिवाय त्यात काही फिरवाफिरव करायची नाही. उन्हाळा लागला तेव्हा पाळी प्रणयची होती.

त्या उन्हाळ्यात धम्मदीपचे दिवस पालटायची चिन्हं दिसत होती. कॉम्प्युटरवरच्या मोटारींच्या शर्यतीत त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. जिल्ह्याची स्पर्धा लागली, तीही आपापल्या घरून खेळायची, आणि एकेक फेरी जिंकत हा पठ्ठ्या शेवटच्या फेरीत जाऊन पोचला. ती फेरी होती रविवारी दुपारी. धम्मदीप दिवसभर वडिलांबरोबर लग्नाचे मंडप बांधायचा आणि संध्याकाळी घाम पुसत सरावाला येऊन बसायचा. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा मुलगा, पण शर्यत सुरू झाली की त्याचा चेहरा असा काही खुलायचा की बघत राहावं.

अडचण एकच होती. ऐन अवघड वळणावर कॉम्प्युटर मान टाकायचा. चित्र अडखळायचं, आणि ते पुढे सरकेपर्यंत धम्मदीपची गाडी कठड्याला भिडलेली असायची. तो कुणाला काही बोलायचा नाही. मुकाट्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. ते बघून प्रणयचा जीव तुटायचा.

प्रणयनं ऐकलं होतं, की कॉम्प्युटरचा जो मेंदू असतो, म्हणजे प्रोसेसर, त्याला ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं पळवता येतं. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. नवा भाग लागत नाही, फक्त सेटिंग बदलायची. त्याच्या मनानं घेतलं, की गुपचूप वेग वाढवून ठेवावा आणि धम्मदीपला चकित करावं. हेतू सोन्यासारखा होता. बिचाऱ्याला इतकंच सुचलं नाही, की चकित करायचं म्हणजे विचारायचं राहूनच जातं.

त्याची मावसबहीण कल्याणीताई नागपुरात कॉम्प्युटर जोडायचं काम करायची. शुक्रवारी सकाळी त्यानं तिला फोन लावला. ती कामात होती. तिनं भराभर सांगितलं, "पाह्य बाबू, आधी कूलर पाह्य. कूलर साफ पाहिजे, अन् नीट बसलेला पाहिजे. मंग वेग एक-एक पायरीनं चढव. दर पायरीले थांब, चालवून पाह्य, गरम किती होते ते पाह्य. अडखळला तर एक पायरी खाली ये. व्होल्टेजले हात लावू नको. समजलं न?"

प्रणय घोटाळला. खोलीच्या खिडकीत कूलर होता. पत्र्याचा, पाण्याचा, उन्हाळ्यात वऱ्हाडात घरोघरी असतो तसा. त्याचा आणि प्रोसेसरच्या वेगाचा काय संबंध? 'कोणता कूलर?' हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण इंजिनिअरनं असं विचारायचं असतं का? ताई काय म्हणेल?

"हो हो, समजलं," तो म्हणाला.

मग त्यानं कूलर साफ केला. कुठला? खिडकीतलाच! टाकी घासली, वाळ्याच्या ताट्या धुतल्या, काठोकाठ पाणी भरलं. दुपारी त्यानं तो खिडकीतून काढला आणि एका स्टुलावर कॉम्प्युटरच्या पुढ्यात नेऊन ठेवला. त्याची आई पलीकडे गहू निवडत बसली होती.

"काहून रे, कूलर कुठं नेऊन राहिला?"

"कॉम्प्युटरले लागते, आई."

"माह्यापेक्षा त्याले जास्त उकडते का?" आईनं विचारलं. पण मुलगा इतक्या मन लावून काम करतोय म्हटल्यावर तिनं पदरानं वारा घेतला आणि गहू पुढे ओढले.

वारा थेट आत जावा म्हणून प्रणयनं डब्याची एक बाजू उघडली. आत प्रोसेसरवर एक छोटा पंखा बसवलेला होता. गाव कापसाचं, त्यामुळे त्या पंख्याच्या पात्यांमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू मिळून गादी तयार झाली होती. जाणकार लोक कूलर म्हणतात तो हाच. प्रणयची नजर त्यावरून फिरली आणि पुढे गेली.

त्यानं सेटिंग उघडली आणि वेग एक पायरी चढवला. कॉम्प्युटर चालला. त्याला इतका आनंद झाला, की खुर्चीतल्या खुर्चीत त्यानं उडी मारली. दर पायरीला थांबायचं होतं. पण एवढा गारेगार वारा लागत असताना थांबायचं कशाला, असं त्याला वाटलं. त्यानं मधल्या पायऱ्या गाळल्या. कॉम्प्युटर कुरकुरला, तेव्हा त्यानं हात लावू नको म्हणून सांगितलेलं व्होल्टेजही वाढवलं. मग शर्यत लावून बघितली. गाडी अशी सुसाट निघाली, की प्रणय एकटाच खोलीत ओरडला. आणि दुसऱ्याच वळणावर चित्र थिजलं, स्क्रीन काळी झाली, सगळे आवाज बंद पडले.

त्यानं बटण दाबलं. काही नाही. वाकून आत बघितलं. काठोकाठ भरलेला कूलर वाऱ्याबरोबर पाण्याचे तुषार उडवत होता, आणि आतल्या हिरव्या पट्टीवर बारीक थेंब चमकत होते.

प्रणयनं कूलर बंद केला, कॉम्प्युटरची वायर ओढून काढली आणि भिंतीला टेकून खाली बसला. त्याला रडू यायला लागलं. रविवार परवावर आला होता, आणि धम्मदीपची शर्यत त्यानं स्वतःच्या हातानं बुडवली होती.

आईनं त्याचा चेहरा बघितला. "लाइटनं उडाला असन," ती त्याला धीर द्यायला म्हणाली. "उन्हाळ्यात असंच होते."

आईला बिचारीला ठाऊक नव्हतं, पण तिनं पळवाटच दाखवली होती. त्या गावात उन्हाळ्यात लाइट दिवसातून कितीदा जायची आणि यायची, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात एखादा पंखा, एखादा टीव्ही जळणं नेहमीचंच. लाइटचं नाव सांगितलं तर कुणी दुसरा प्रश्न विचारणार नव्हतं. इंजिनिअर इंजिनिअरच राहिला असता.

संध्याकाळी शिवानी आणि धम्मदीप आले. काळी स्क्रीन बघून शिवानी दारातच थांबली. "काय झालं?"

"लाइट…" प्रणय जमिनीकडे बघत म्हणाला.

धम्मदीपनं एकदा कॉम्प्युटरकडे बघितलं, एकदा प्रणयकडे. मग तो त्याच्या शेजारी जमिनीवर बसला आणि त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे," तो म्हणाला. "लाइटचं कोण काय करन? त्यात तुहा काय दोष? मी सांगून देतो स्पर्धावाल्यांले, येत नाही म्हणून."

तो चिडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर प्रणयनं खोटं कदाचित रेटून नेलं असतं. पण ज्याचं नुकसान झालं तोच समजूत घालायला बसल्यावर प्रणयला त्या हाताचा भार सोसेना. तेवढ्यात शिवानीनं वायर उचलली. ती तशी हार मानणारी नव्हती. "एकदा लावून तर पाहू," असं म्हणत ती बोर्डाकडे निघालीसुद्धा.

"थांब! लावू नको!" प्रणय ओरडला. "लाइट गेलीच नव्हती. मी केलं हे सगळं."

मग त्यानं काही हातचं न राखता सांगून टाकलं. गुपचूप वेग वाढवला ते, पायऱ्या गाळल्या ते, व्होल्टेज वाढवलं ते, पाण्याचे तुषार उडाले ते. शेवटी म्हणाला, "ताईनं कूलर पाहायले सांगितलं होतं. कोणता कूलर ते मले समजलं नाही. अन् समजलं नाही हे सांगायची लाज वाटली."

शिवानीनं स्टुलावरच्या पत्र्याच्या कूलरकडे बघितलं. दुसरी वेळ असती तर ती पोट धरून हसली असती. "आम्हाले तरी विचारायचं होतं," ती तुटकपणे म्हणाली. धम्मदीपनं खांद्यावरचा हात काढून घेतला. तो उठून दाराशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. प्रणयला ते फार लागलं. पण ते लागायलाच हवं होतं, हेही त्याला कळत होतं.

मग धम्मदीप तिकडूनच म्हणाला, "ताईले फोन लाव."

फोन लागला. प्रणयनं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कल्याणीताईनं पहिला प्रश्न विचारला, "पाणी आत गेल्यावर चालू तर नाही केला न?"

"बटण दाबलं होतं एकदा. चालू नाही झाला. मंग वायर काढली."

"आता वायर लावूच नका. ओला असताना चालू झाला असता तर जळून गेला असता, मंग मीही काही करू शकली नसती. पाण्याचं सांगितलं हे लय बरं केलं." मग ती म्हणाली, "माहंही चुकलंच. 'समजलं न' असं विचारून मी मोकळी झाली. काय समजलं ते विचारलंच नाही."

तिनं सांगितलं तसं त्यांनी केलं. आत घड्याळात असते तशी एक गोल चपटी बॅटरी होती, ती काढून ठेवली. ती काढली की बदललेली सेटिंग विसरून कॉम्प्युटर मूळ वेगावर येतो. मग डबा उघडाच सावलीत ठेवला. जो उन्हाळा तिघांना रोज भाजून काढायचा, त्यानं यावेळी उपकार केले. शनिवारी दुपारपर्यंत सगळं खडखडीत वाळलं. प्रणयनं रंगाच्या बारीक कुंचल्यानं प्रोसेसरवरच्या कूलरमधली धूळ आणि कापूस काढला. चिमूटभर कचरा निघेल असं वाटलं होतं, निघाला मूठभर. पत्र्याचा कूलर परत खिडकीत गेला, आणि आई त्याच्यासमोर पाय पसरून बसली.

बॅटरी बसवली, वायर लावली. शिवानीनं डोळे मिटून बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन उजळली. कुणी ओरडलं नाही. तिघांनीही आधी श्वास सोडला.

वेग वाढवायचा की नाही, हे आता तिघांनी मिळून ठरवलं. ताई फोनवर होती. प्रणय एक पायरी चढवायचा, धम्मदीप गाडी चालवून बघायचा, आणि शिवानी गरमी किती झाली ते मोठ्यानं वाचायची. जरा वेळ तसंच चालू द्यायचं, आणि मग पुढची पायरी. व्होल्टेजला कुणी बोट लावलं नाही. प्रणय दर वेळी विचारायचा, हे काय असते, ते कशानं होते, इतकं गरम झालं तर चालते का. एका पायरीवर चित्र किंचित अडखळलं आणि गरमीचा आकडा भसकन वर गेला. प्रणयनं लगेच वेग एक पायरी खाली आणला. पुन्हा शर्यत लावली, गाडी न अडखळता धावली. तिथंच तिघं थांबले. शुक्रवारी प्रणयनं गाठलेल्या वेगापेक्षा हा वेग बराच कमी होता, पण तो टिकत होता.

रविवारी दुपारी शर्यत झाली. बाहेर ऊन रणरणत होतं. आत प्रणयची आई, शिवानी आणि प्रणय भिंतीला टेकून उभे होते. ज्या वळणावर कॉम्प्युटर मान टाकायचा, तिथून धम्मदीपची गाडी नीट निघून गेली, एकदा नाही, दर फेरीला. धम्मदीप दुसरा आला. पहिले तिघे पुण्याच्या पुढच्या स्पर्धेला जाणार होते. आईनं त्याच्या हातावर साखर ठेवली, आणि तो मुलगा चार माणसांत पहिल्यांदाच खळखळून हसला.

महिना सरत आला होता, आता पाळी धम्मदीपची होती. प्रणय वायरी गुंडाळू लागला. पुढच्या पाळीला कॉम्प्युटर आपल्या घरी येईल की नाही, हे विचारायचा धीर त्याला होत नव्हता.

धम्मदीपनं त्याच्या हातातल्या वायरी काढून घेतल्या. "राहू दे इथंच," तो म्हणाला. "माह्या घरी बिघडला असता तर मीही लाइटचंच नाव सांगितलं असतं. तुह्याकडे बिघडला तर खरं काय झालं ते समजते."

प्रणयनं मान खाली घातली. शिवानीनं पुढे होऊन वायर पुन्हा बोर्डाला लावली.

तात्पर्य: जे समजलं नाही, त्याला 'समजलं' म्हणून पुढे जाऊ नये, आणि तसं जाऊन चूक झालीच, तर ती घडली तशी सांगावी, कारण दुरुस्ती तिथूनच सुरू होते.