शेकरूने न सांगितलेली वाढी

मुलांनो, डोंगराच्या पायथ्याशी एक दाट रान होतं आणि त्यातल्या सगळ्यांत उंच झाडावर एक शेकरू आपल्या पिल्लांसह राहायचं. भारी कष्टाळू. पोट भरून उरलेल्या बिया ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना उसन्या द्यायचं. कधी उंदराला, कधी रानकोंबडीला. परत करताना प्रत्येक जण वर थोड्या जास्त बिया द्यायचा. या जास्तीच्या बियांना रानात 'वाढी' म्हणत. शेकरू ही वाढी घरट्यात नेतच नसे. हातात पडली की लगेच दुसऱ्या कुणाला तरी उसनी देऊन मोकळं व्हायचं.

त्या रानाची एक रीत होती. उन्हाळ्यात ओढा आटला की रानडुकरं ओढ्याच्या वाळूत पाण्यासाठी खड्डा खणायची. खणताना त्यांना खाणं शोधायला सवड कुठली? म्हणून ज्याने त्याने आपली वर्षाची कमाई म्हाताऱ्या हत्तिणीला सांगायची आणि त्या कमाईतला वाटा खणणाऱ्यांसाठी द्यायचा. कुणी घरट्यात डोकावून बघत नसे. आपल्या तोंडाने सांगायचं, बस्स. शेकरूने वेचलेल्या बियांचा हिशेब चोख सांगितला. वाढीचं मात्र नाव काढलं नाही. मन जरा चुकचुकलं, पण जे घरट्यात आलंच नाही ती कसली कमाई, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

त्या वर्षी ऊन असं तापलं की झाडांवरची पानं करपली. पिल्लांच्या जिभा कोरड्या पडल्या. हाक मारली तरी ती मान उचलेनात.  शेकरू धावत ओढ्यावर आलं आणि काठावरच थबकलं. केवढा तो खड्डा! हत्तीण आत उभी राहिली असती तर तिची पाठसुद्धा दिसली नसती. आणि हे सगळं नुसत्या सुळ्यांनी आणि खुरांनी खणलेलं. आपल्या पिल्लांसाठी कुणी एवढं राबतंय, हे उंच झाडावरून त्याला कधी दिसलंच नव्हतं. पण रानडुकरं काठावर गळून पडली होती. पाणी आता हातभरच खाली आहे, पण वाट्याच्या बिया संपल्या, उपाशी पोटी ती खणणार कशाच्या जोरावर, असं हत्तिणीने सांगितलं.

शेकरूला राहवेना. त्याने वाढीची सगळी हकिकत सांगून टाकली. "पण आजी, ती माझ्या घरट्यात कधी आलीच नाही. आली तशी मी पुढे दिली."

हत्तीण रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "बाळा, ती तुझी नव्हती, तर तू ती दुसऱ्याला उसनी दिलीस कशी?"

शेकरू तडक झाडावर चढलं. पिल्लांसाठी साठवलेल्या बियांतून त्याने वाढीवरचा पुरता वाटा आणून दिला. रानडुकरांनी खाल्लं आणि ती पुन्हा खाली उतरली. थोड्या वेळाने वाळू ओली झाली, मग तळाशी पाणी चमकलं आणि हळूहळू वर चढू लागलं. सगळं रान काठावर जमलं. वाघाशेजारी हरीण उभं होतं आणि दोघांची नजर पाण्यावर खिळली होती. शेकरूने एकेक पिल्लू तोंडात धरून खाली आणलं. धाकट्याने पाण्याला तोंड लावलं, घोट घेतला आणि डोळे उघडून आईकडे बघितलं.

तात्पर्य : उसनं देऊन मिळालेली वाढीही कमाईच असते; ती घरी न आणता पुन्हा फिरवली, तरी कुणी विचारायच्या आधी आपणच सांगावी आणि तिच्यातला सगळ्यांचा वाटा द्यावा.