पहिलं चिपाड

नदीकाठच्या एका गावात परसू नावाचा निरोप्या राहत होता. कानावर पडलेला शब्द तो जसाच्या तसा पोचवायचा. "आपण पदरचं काही घालत नाही," असं मिशीला पीळ देत सांगायचा.

गावातल्या येसबांचं गुऱ्हाळ सुरू व्हायचं होतं. ऊस तोडून पडला होता. आता तोडलेला ऊस म्हणजे काही दुकानातला साबण नव्हे, की फळीवर ठेवला आणि सवडीने विकला. वाळला की गूळ बिघडलाच. गूळ करणारा मल्लूअण्णा गुळव्या नदीपलीकडे राहायचा. गुऱ्हाळाची रीत अशी, की चुलवाणात, म्हणजे तिथल्या मोठ्या चुलीत, पहिलं चिपाड गुळव्याच्याच हातचं पडायचं. त्याशिवाय रस उकळायच्या काहिलीखाली जाळ नाही.

मल्लूअण्णा नुकताच तापातून उठला होता. येसबांना त्याची काळजी होती. पण ती सरळ बोलून दाखवतील तर ते येसबा कसले! ते हसत परसूला म्हणाले, "सांग त्या म्हाताऱ्याला, तुझ्या हातात आता जोर राहिला नाही. नुसता येऊन बस, ढवळायला माझी माणसं आहेत."

परसूने मल्लूअण्णाच्या दारात उभं राहून शब्दन् शब्द सांगितला. हसू तेवढं नदीअलीकडेच राहिलं.

मल्लूअण्णाने हातातली भाकरी खाली ठेवली. "असं म्हणाला? मग त्याला सांग, माणसं आहेत तर गूळही त्यांच्याकडूनच करून घे."

ते ऐकून येसबांचा पारा चढला. "जाऊन सांग, तू नाहीस म्हणून माझं गुऱ्हाळ अडणार नाही!"

परसू पुन्हा निघाला. वाटेत गुऱ्हाळापाशी थबकला. ऊस सुकत चाललेला, चुलवाण गार, आणि काहिलीशेजारी मल्लूअण्णाला बसायला घोंगडी अंथरलेली.

"पेटवत का नाही रे?" त्याने गड्याला विचारलं.

"पेटवू म्हटलं तर मालक अंगावर आले, परसूदादा. त्या घोंगडीवर तर कुणाला टेकूसुद्धा देत नाहीत."

परसू नदी उतरून मल्लूअण्णाच्या दारी पोचला.

"काय म्हणाला तुझा मालक?" मल्लूअण्णाने दारातूनच विचारलं.

"शब्द कडू आहेत, अण्णा, लपवत नाही. तुमच्यावाचून गुऱ्हाळ अडणार नाही, असं रागाने म्हणाले. पण चुलवाण अजून गार आहे. तुमची घोंगडी अंथरलीय, तिच्यावर कुणाला बसू देत नाहीत. आणि सकाळचा निरोप त्यांनी हसत दिला होता. तापातून उठलेल्या माणसाला ढवळायचे कष्ट नकोत, एवढंच मनात होतं. ते सांगायचं माझ्याकडून राहिलं."

मल्लूअण्णाने खुंटीवरचं पागोटं उचललं. "लेका, एवढं सकाळीच बोलला असतास, तर माझी भाकरी तरी गोड लागली असती!"

दिवस मावळायच्या आत चुलवाणात पहिलं चिपाड पडलं.

तात्पर्य: दुसऱ्याचं बोलणं पोचवताना नुसते शब्द नेऊन भागत नाही, ते कोणत्या मनाने बोलले गेले तेही न्यावं लागतं. पदरचं काही घालू नये, आणि वाटेत काही सांडूही नये.