दिव्यावरचा लेप

गाड्या एकमेकींशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. घाटाखालच्या स्टँडवर निवृत्तीची जीप दिवसभर उन्हात उभी असे. तिच्या पुढच्या दिव्याची प्लास्टिकची काच पिवळी पडली होती, आणि शेजारच्या नव्या गाडीचे लखलखते दिवे पाहून त्या दिव्याचा जीव थाऱ्यावर नसे.

"हा पिवळेपणा तुझा आहे," तो कारखान्यातच काचेवर चढवलेल्या पातळ लेपावर खेकसला. "नीघ इथून!"

"माझाच आहे," लेप म्हणाला. "सात उन्हाळे मी अंगावर घेतले, म्हणून तू अजून कोरा आहेस."

"उपकार सांगू नकोस!"

दसऱ्याला निवृत्तीने जीप धुतली, आणि दात घासायची पेस्ट लावून दिवा घासघास घासला. लेप सुटून पाण्याबरोबर वाहून गेला. दिवा असा चमकला, की नवी गाडीसुद्धा बघत राहिली.

होळीच्या आत तो पुन्हा पिवळा झाला. निवृत्तीने पुन्हा पेस्ट आणली, हात दुखेपर्यंत घासलं. पण या खेपेला ऊन थेट काचेत मुरलं होतं, बारीक तडेही गेले होते.

"हा पिवळेपणा लेपाचा आहे, काढा त्याला!" दिवा ओरडत राहिला.

काढायला आता लेप उरलाच नव्हता.