काशाची वाटी आणि लाकडाचे हात

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता. गादीवर बसला त्याच दिवशी त्याने दवंडी पिटवली, की राजाच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. पुढे कृष्णकेतू नावाचा म्हातारा मांत्रिक दरबारी आला. त्याने आशीर्वादासाठी राजाच्या डोक्यावर हात ठेवला, तर राजाने त्याला भरसभेत ढकलून दिलं. मांत्रिक उठला, धूळ झटकली आणि म्हणाला, "ज्या अंगाला मायेचा हात नको, त्याचं लाकूड होवो. पुनवेला काळीजही लाकडाचं होईल."

आणि झालं तसंच. सकाळी बोटं ताठली, दुपारी गुडघे. वैद्य हरले. तालमीतल्या पैलवानांनी रगडायला घेतलं, तर खांद्याची ढलपीच निघाली! आजारापेक्षा औषध जालीम, दुसरं काय?

राजवाड्यात भिवरा नावाची म्हातारी होती. बाळांना न्हाऊमाखू घालायचं, बाळंतिणींचं अंग चोळायचं, यात तिचा जन्म गेला. वज्रसेनाला पहिलं तेल तिनेच लावलेलं. ते लेकरू ओंडका होऊन पडलेलं पाहून तिचा जीव तीळतीळ तुटला. तेवढ्यात खिडकीत एक धनेश पक्षी येऊन बसला आणि बोलला, "कृष्णकेतूच्या गुहेतल्या खजिन्यात काशाची वाटी आहे. त्या वाटीने राजाचे तळपाय घासलेस, तर लाकूड उतरेल. पण त्या खजिन्यातलं जो हिसकायला जातो, तो जागीच दगड होतो."

भिवराने पदर खोचला, तेलाची बुधली घेतली आणि निघाली.

गुहेच्या पहिल्या दारावर आग ओकणारा घोडा होता. भिवरा त्याच्या श्वासाशी श्वास जुळवून उभी राहिली, मग त्याच्या कानामागे बोटं फिरवली. घोडा डोळे मिटून बाजूला झाला. दुसऱ्या दारावर नाग होता. अर्धी कात डोळ्यांवर अडकल्याने तो चवताळला होता. तिने तेलाच्या बोटाने कात भिजवली, हलकेच सोडवली. नागाने वाट दिली. तिसऱ्या दारात खुद्द कृष्णकेतू बसला होता, कपाळाला आठ्या, दातावर दात.

"कशाला आलीस?"

"वाटी मागायला. पण आधी कपाळाला हात लावू का? फार दुखतंय तुमचं."

मांत्रिकाने मान हलवली, तेव्हाच तिने हात पुढे केला. भुवयांवरून अंगठे फिरवले, माथ्यावर तेल जिरवलं. शंभर वर्षांत त्याला कुणी असं गोंजारलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांना धार लागली.

"वाटी ने, माय. पण सुटलेला शाप मला परत घेता येत नाही. राजाच्या अंगातलं लाकूड घासणाऱ्याच्या हातांत उतरेल."

हात गेले तर आपल्याकडे उरायचं काय? वाटभर भिवरा रडली, पण वाटी तिने टाकली नाही.

पुनवेच्या दिवशी ती राजाच्या पायांशी बसली. राजाचे ओठ तेवढे हलत होते.

"माय, जोर लाव."

"जोराने लाकूड फुटतं बाळा, मऊ होत नाही."

तूप लावून ती हळूहळू घासू लागली. तळपाय काळे पडले, वाटी काळी पडली. पोटऱ्या सुटल्या, कंबर सुटली, आणि दिवस मावळायच्या आत राजा खोल श्वास घेऊन उठून बसला. तेवढ्यात भिवराच्या हातून वाटी खणकन पडली. कोपरापासून खाली तिचे दोन्ही हात सागवानाचे झाले होते.

राजा जमिनीवर बसला. ते हात मांडीवर घेऊन चोळू लागला.

"नको राजा. लाकूड तुझ्यात परत येईल."

"येऊ दे. माझंच आहे ते."

त्याला चोळता येत होतं कुठे! भिवरा सांगत गेली, "हळू. अंगठ्याने. गोल." लाकूड राजाच्या बोटांपाशी आलं आणि भुसा होऊन गळून पडलं. मायेचा हात नको म्हणणारं अंग आता उरलंच नव्हतं.

भिवराच्या करंगळीला पहिल्यांदा ऊब कळली, ती राजाच्या आसवांची. ती म्हणाली,

"एवढी अंगं चोळली रे, पण माझे हात आजवर कुणी चोळले नव्हते."

राजाने दवंडी मागे घेतली, कृष्णकेतूची क्षमा मागितली. राज्य सुखाने नांदू लागलं. भिवराचे हात सुटले, तसे तुमचे आमचे, साऱ्या दमल्याभागल्यांचे सुटोत.