दरवाजा उघडला नाही

"...तर मग कडेलोट करावा की तोफेच्या तोंडी द्यावा, एवढंच सांगा महाराज."

आनंदगीर गोसावी धुनीतली राख सारत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"केलं काय त्यानं?"

"काहीच केलं नाही. तोच तर गुन्हा!"

हणमंतराव वाघचौरे घाटमाथ्याच्या प्रांताचे सरलष्कर. पाच गड आणि मधली सगळी ठाणी त्यांच्या हाताखाली. लहानपणी पट्टा फिरवायला ते याच गोसाव्यांजवळ शिकले होते.

गुन्हेगार होता त्यांचा एक किल्लेदार, मानाजी ढमाले. शत्रूचे स्वार भरदुपारी गडाखालच्या पेठेत शिरले. घरं पेटवली, माणसं कापली. मानाजी हत्यारबंद शिबंदी घेऊन तटावर उभा राहिला, पण त्यानं दरवाजा उघडला नाही. सरलष्करांकडे जासूद धाडून हुकूम मागितला. हुकूम घेऊन जासूद परतला, तेव्हा पेठेत जळायला काही उरलं नव्हतं.

"भ्याड!" हणमंतराव म्हणाले.

"पेठेत त्याचं कुणी होतं?"



"बायको. आणि धाकटी लेक... दोघी गेल्या."

धुनीत एक लाकूड तडकलं.

"याआधी कुणी किल्लेदार हुकमावाचून गडाखाली उतरला होता?"

"एक. राणोजी. गेल्या साली. न विचारता उतरला आणि शत्रूला पिटाळून आला."

"त्याला काय दिलंस?"





"किल्लेदारी काढून घेतली. महाराज, जो तो आपल्या मनानं वागू लागला तर प्रांत चालायचा कसा? गड पाच असोत, हुकूम एकच हवा. ही घडी मी बसवली."

"चांगली बसली."

हणमंतराव सुखावले. मग गोसाव्यांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचं हसू मावळलं.

"मानाजी कुठाय?"

"बाहेर. बेड्यांत."

"आत आण."

शिपायांनी मानाजीला आत आणलं. उन्हानं तोंड रापलेलं, ओठ फुटलेले. गोसाव्यांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे धरला.

"पी, बाळा."

मानाजीचे हात वर आले... आणि मधेच थांबले.

त्यानं हणमंतरावांकडे पाहिलं.

त्या नजरेत राग नव्हता. भीतीही नव्हती. तो नुसता वाट बघत होता.



"पी..." हणमंतराव कसेबसे म्हणाले. "पी रे."

मग मानाजी घटाघटा प्यायला.

हणमंतराव उठले. शिपायाकडून किल्ली घेऊन त्यांनी स्वतःच्या हातांनी बेड्या काढल्या. किल्ली दोनदा निसटली.

"मानाजी, तुझा अपराध नाही. माझा आहे. गडावर परत जायचंय? गावी जायचंय? माझ्या तोंडावर थुंकायचंय? तुझ्या मनात असेल ते सांग... मी ऐकेन."

मानाजी मोकळ्या मनगटांकडे बघत राहिला. ओठ हलल्यासारखे झाले.

"सरकारांचा हुकूम होईल तसं," तो म्हणाला.

हणमंतराव गोसाव्यांकडे वळले.

"महाराज... आता काय करू?"

गोसाव्यांनी रिकामा तांब्या मानाजीच्या हातून हळूच घेतला.

"उद्या पुन्हा विचार त्याला."